वाघजाईच्या म्हशी

चाळीस म्हशी झाल्या होत्या आणि चाळीसही साफ निघाल्या होत्या. एक्केचाळिसावी समोर आणली तेव्हा मी कॅलिपर शर्टाला पुसला, सोमवारी वस्तऱ्याने भादरलेली तिच्या मानेवरची जागा शोधली, आणि माझा हात तिथेच थांबला. लिंबाएवढी गाठ होती.

“किती?” सरनोबत मॅडमनी वहीवरून मान न उचलता विचारलं.

मी कातडीची चिमूट धरली, मोजली, पुन्हा मोजली. सोमवारी नऊ मिलिमीटर होती. आता एकोणीस.

मी आकडा सांगितला. पलीकडे दगडावर बसलेले रेंजर काळसेकर उठून उभे राहिले. त्यांच्या हातात तांबड्या फितीची फाईल होती. त्या फायलीत काय आहे हे वाड्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचा, हा धनगरवाडा, त्याची अकरा घरं आणि एक्केचाळीस म्हशी, अभयारण्यातून उठवून खाली माळावर नेण्याचा प्रस्ताव.

मी श्रीपती कुंभार. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे डॉक्टर सुई टोचतात तेव्हा ज्याच्या पोटात लाथ बसते तो. पण एक सांगतो, कॅलिपर माझ्याच हातात असायचा. माझ्या बोटांना अर्धा मिलिमीटर कळतो असं मी स्वतः सांगत असे, आणि सरनोबत मॅडमनी ते एकदा तपासून पाहिल्यावर त्याही सांगू लागल्या. मॅडम वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. बोलायला कमी, घड्याळाला कडक.

हे सगळं सुरू झालं ते त्याआधी पंधरा दिवस तळ्याच्या काठी मेलेल्या एका गव्यापासून. थोराड नर, पण बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. मॅडमनी त्याला जागेवरच उघडला. फुप्फुसं गाठींनी भरली होती, आणि गाठी कापल्या की आतून पनीर निघावं तसा पांढरा चुरा निघत होता. क्षय. जनावरांतला टीबी. काळसेकर साहेबांनी तोंड फिरवलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. त्या माणसाचा गव्यांवर जीव होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे वाचताना तुम्ही त्याला उगाच खलनायक कराल. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वासामुळे, असं मी बायकोला सांगितलं.

साहेबांचा हिशेब सरळ होता. रानात गवे आहेत, रानात धनगरांच्या म्हशी आहेत, एकच तळं दोघं पितात. रोग पाळीव जनावरांतूनच येतो. तेव्हा वाडा हलवा. मॅडम म्हणाल्या, आधी तपासू, मग हलवू. आणि वाड्यावर निरोप गेला.

वाड्याची कारभारीण ठकूमावशी झोरे. साठीच्या पुढची, बारकीशी बाई. बोलायला लागली की समोरच्या माणसाने पायातली चप्पल काढून उभं राहावं असा आवाज. तिने तपासणीला नाही म्हटलं नाही. एकच अट घातली.

“माझ्या म्हशी तपासा, माझी काय ना न्हाई. पण गव्यांचीबी तपासणी करा. भांडान दोगांचं, तर साक्ष दोगांची पायजे.”

साहेब हसले. म्हणाले, गव्याला मानेत सुई टोचायची, त्याला सोडायचं, आणि तीन दिवसांनी तोच गवा शोधून त्याची मान मोजायची, हे करणारा माणूस अजून आईच्या पोटातून आलेला नाही. ते खरंच होतं. ही तपासणी म्हणजे सगळा तीन दिवसांचा खेळ. मानेच्या कातडीत औषधाचा एक थेंब टोचायचा. जनावर निरोगी असेल तर तीन दिवसांनी कातडी होती तशी राहते. आत क्षय लपला असेल तर ती सुजून जाड होते. चार मिलिमीटरच्या वर वाढली की जनावर रोगी. म्हशीला दावं असतं, गव्याला कोण बांधणार?

पण मॅडमना ठकूमावशीची अट पटली. त्यांनी चार ठिकाणी फोन केले आणि भुलीची बंदूक चालवणारे दोन तज्ज्ञ मिळवले. गव्यांचं रक्त काढायचं, ते त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचं, तीन दिवस थांबायचं काम नाही. एवढंच, की तज्ज्ञांना गवा बंदुकीच्या टप्प्यात हवा होता. त्यावर ठकूमावशी म्हणाली, ते माझ्यावर सोडा.

तर त्या गुरुवारी ती एक्केचाळिसावी म्हैस समोर उभी होती, आणि साहेब फायलीची फीत सोडत होते.

मी गाठीवर पुन्हा वाकलो. मला काहीतरी खटकत होतं. क्षयाची सूज मऊ, गरम, आणि सगळीकडून सारखी असते. ही वर काळपट होती, तिला बारीक फोड आले होते. मी बोट फिरवलं, नाकाला लावलं.

“मॅडम, हा बिब्बा आहे,” मी म्हणालो.

ठकूमावशीची धाकटी जाऊ मागे पदरात तोंड लपवून उभी होती. तिला पुढे ओढून विचारलं तेव्हा रडत रडत बाहेर आलं. मंगळवारी तिला सुई टोचलेल्या जागी किंचित उंचवटा दिसला. सूज आली की बिब्बा चरचरून लावायचा, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं आणि आईला आजीने. सरकारी सुईने म्हशीला त्रास होऊ नये म्हणून तिने चांगल्या मनाने बिब्बा लावला, आणि म्हशीची मान भाजून निघाली. सोमवारी मी ओरडून ओरडून सांगितलं होतं की जागेला हळद लावू नका, तेल लावू नका, डाग देऊ नका. बिब्बा तेवढा सांगायचा राहिला होता.

साहेब म्हणाले, हे सोयीचं कारण झालं. मॅडम म्हणाल्या, सोयीचं असो की गैरसोयीचं, भाजलेल्या कातडीवर मी आकडा लिहिणार नाही. हिचंही रक्त काढू, गव्यांच्या रक्ताबरोबर एकाच पेटीतून जाईल. ठकूमावशीने मान डोलावली. “हे झालं बरूबर,” ती म्हणाली, आणि जावेकडे अशा नजरेने पाहिलं की त्या बाईने पुढे जन्मात बिब्ब्याला हात लावला नसेल.

शनिवारी उजाडताना आम्ही सड्याच्या कडेला जांभळीच्या झाडावर बांधलेल्या मचाणावर होतो. मचाण म्हणजे चार वासे आणि त्यावर आम्ही सहा जण. खाली पन्नास पावलांवर एक पसरट खडक होता. दर उन्हाळ्यात ठकूमावशी आपल्या म्हशींसाठी त्या खडकावर खडेमीठ ठेवायची. म्हशी चाटून गेल्या की मागून गवे यायचे, हे तिला चाळीस वर्षांपासून माहीत होतं आणि वनखात्याला त्या दिवशी कळलं. “म्हणजे उष्टं मीठ,” साहेब हळूच म्हणाले. ठकूमावशी म्हणाली, “मिठाला उष्टं नस्तं सायब.”

गवे आले. आधी एक म्हातारी मादी, मग दोन, मग सात. काळेशार, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यांच्यात दोन जनावरं बुटकी होती, शिंगं मागे वळलेली. नीट पाहिलं तर त्या म्हशी होत्या. शिंगांना शेंदूर लावलेला होता, उन्हापावसाने उडालेला.

“ह्या कुणाच्या?” साहेबांनी विचारलं.

“वाघजाईच्या,” ठकूमावशी म्हणाली.

या वाड्याची जुनी रीत आहे. जी म्हैस आटली, थकली, उपचाराला दाद देईना, ती खाटकाला विकायची नाही. शिंगांना शेंदूर लावून वाघजाईच्या दगडापुढे उभी करायची, नारळ फोडायचा आणि रानात सोडायची. मग ती देवीची. तिला पुन्हा नावाने हाक मारायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. वाड्याच्या मोजणीत ती धरत नाहीत, म्हणून सोमवारी या दोघींची नावं आमच्या वहीतही आली नव्हती. मी त्या दोन म्हशींकडे पाहिलं. मी ठकूमावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मग बंदुकीचा बारीक फुसका आवाज झाला आणि विचाराला वेळ राहिला नाही. ती म्हातारी मादी वीस पावलं गेली, झोकांडली आणि बसली. आम्ही धावलो. भूल दिलेलं गुरासारखं जनावर आडवं पडू द्यायचं नसतं; पोट फुगतं, पोटातलं घशात येतं आणि गुदमरून मरतं. त्याला बसतं ठेवायचं, डोकं वर धरायचं. ते काम माझं. मी माझा टॉवेल तिच्या डोळ्यांवर बांधला आणि ते डोकं मांडीवर घेतलं. अकरा मिनिटं. माझ्या बायकोने आमच्या दोन्ही बाळंतपणांत मला मूल इतका वेळ मांडीवर धरू दिलं नव्हतं. त्या गव्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता, गरम, ओल्या गवताच्या वासाचा, आणि मधूनच आत कुठेतरी घरघर. मॅडमनी मानेतून रक्त काढलं, उतारा टोचला, आणि आम्ही पळालो. मागे वळून पाहिलं तर ती उभी राहून डोकं झटकत होती. माझा टॉवेल शिंगाला अडकला होता, तो घेऊनच ती रानात गेली.

अशी तीन जनावरं झाली. तीन गवे आणि एक बिब्बा लावलेली म्हैस, अशा चौघांचं रक्त बर्फाच्या पेटीत घालून जीप घाट उतरली तेव्हा आम्हांला आमचाच इतका अभिमान वाटत होता की काळसेकर साहेबांनी ठकूमावशीला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. तिने तो बशीत घेऊन शेवटपर्यंत प्यायला.

मंगळवारी निकाल आला. वनखात्याच्या विश्रामगृहात सगळे जमले. साहेब टेबलामागे, मॅडम खुर्चीत, वाड्याची माणसं भिंतीशी खाली बसलेली, आणि मी दाराला टेकून. मॅडमनी कागद वाचला. तीन गव्यांपैकी दोन रोगी. वाड्याची म्हैस साफ.

म्हणजे वाड्याच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस म्हशी साफ. बायकांनी एकमेकींचे हात धरले. कुणीतरी वाघजाईचं नाव घेतलं. साहेबांनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला. शेवटी म्हणाले, “मग माझ्या गव्यांना आलं कुठून?” मॅडम म्हणाल्या, खालच्या गावांची जनावरं तपासावी लागतील, शोधत जावं लागेल. साहेबांनी सुस्कारा सोडला. माणूस सरळ होता. पुरावा नाही म्हटल्यावर त्यांनी प्रस्तावाची फाईल पुढे ओढली आणि तिची तांबडी फीत बांधायला घेतली.

“सायब, फाईल बांधू नगा,” ठकूमावशी म्हणाली.

ती उभी राहिली होती. तिचा दीर तिचा पदर खाली ओढत होता, तो तिने सोडवून घेतला.

“तीन वर्सामागं माझी हरणी म्हस खोकत हुती. चारा खायाची आन वाळत जायाची. बरी हुईना, तवा वाघजाईला सोडली. ती गव्यांत ऱ्हायली. पुढच्या सालाला तळ्यावर मेली. तिला सोडली त्याच म्हैन्यात आनी दोन सोडल्या, त्या गोठ्यात हरणीच्या जोडीला हुत्या. त्या तुमी परवा बघितल्यासा. माझ्या वाड्यात रोग न्हाई. माझ्या देवीच्या म्हशींत हाय.”

जी फाईल बांधली जात होती ती तिने स्वतःच्या हाताने सोडवली होती. तिच्या जातभाईंच्या चेहऱ्यांवर जे होतं ते मी इथे लिहीत नाही. काही लोकांनी तिला तिथेच शिव्या दिल्या असत्या, पण तिला शिव्या द्यायची वाड्यात कुणाची छाती नव्हती.

“हे तुम्ही आत्ता का सांगताय?” साहेबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

“त्या दोगी अजून तितंच पाणी पित्यात. मी गप बसले तर तुमचं गवं एकेक करून मरतील. मिठाला बोलवून आणलं त्यास्नी मी. त्यो इस्वास हाय.”

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी शनिवारपासून वाट बघत होतो आणि जो कुणी विचारू नये म्हणून मी सोमवारी महादेवाला जाऊन आलो होतो.

“ती खोकत होती तेव्हा दवाखान्यात दाखवली नव्हती? कुणाला विचारून सोडली?”

“न्हाई दावली,” ठकूमावशी म्हणाली. “माझ्याच मनानं सोडली.”

आता मला सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी ठकूमावशी हरणीला चार तास चालवत घाट उतरून दवाखान्यात घेऊन आली होती. सरनोबत मॅडम तेव्हा यायच्या होत्या, आधीचे डॉक्टर महिन्याच्या रजेवर होते, आणि दवाखान्याचा राजा मी होतो. मी डॉक्टरांची नळी गळ्यात अडकवली, हरणीच्या बरगड्यांना लावली, आणि भारदस्त तोंड करून सांगितलं, “ही बरी व्हायची नाही मावशी. हिला दुसऱ्या म्हशींत ठेवू नको, त्यांना लागेल. देवीला सोड, तूही सुटशील.” तिने मला हात जोडले होते. मी रजिस्टरात नोंद केली नाही, कारण ड्रेसरने तपासलं हे कागदावर आलं तर नोकरीवर येतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो, तशातली गत. त्या बुधवारची गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यांतली एक आत्ता मला वाचवायला खोटं बोलली होती. आयुष्यात पहिल्यांदा असावं, कारण तिला ते नीट जमत नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती.

मला पेन्शनला सात वर्षं होती. धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं कुणीही शहाणा म्हणाला असता, आणि मी तर स्वतःला तालुक्यातला शहाणा समजत होतो. पण मावशी उभी होती आणि मी दाराला टेकलो होतो, हे मला सहन झालं नाही.

“मॅडम, तिने दाखवली होती,” मी म्हणालो. “दवाखान्यात आणली होती. मी बघितली. देवीला सोड, असं मीच सांगितलं.”

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“दुसऱ्या म्हशींपासून वेगळी ठेव, हेही तुम्हीच सांगितलंत?”

“होय.”

“म्हणून या एक्केचाळीस वाचल्या,” त्या म्हणाल्या. “आणि म्हणून गवे.”

पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. मला ते त्या मेलेल्या गव्याच्या फुप्फुसात सुरी चालली तेव्हाच कळलं होतं, फक्त मी स्वतःला कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, ते वासामुळे नव्हे. ठकूमावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

साहेबांनी फाईल न बांधताच ठेवली. म्हणाले, वाड्याचं नंतर ठरवू, आधी त्या दोन म्हशी धरा. बुधवार आणि गुरुवार त्यांची सहा माणसं दोर घेऊन रानात फिरली. त्या म्हशी तीन वर्षं गव्यांत राहून गव्यांसारख्या झाल्या होत्या. माणसाचा वास आला की उधळायच्या, आणि त्यांच्यामागे सगळा कळप. एका वनरक्षकाचा पाय मुरगळला, दुसरा झाडावर चढून दोन तास बसला. भुलीवाले तज्ज्ञ केव्हाच परत गेले होते.

शुक्रवारी सकाळी ठकूमावशी अंघोळ करून, केस बांधून वाघजाईच्या दगडापुढे आली. आम्ही सगळे मागे उभे होतो. देवीला दिलेलं जनावर परत घेणं हे त्या वाड्याच्या इतिहासात कधी झालेलं नव्हतं. दीर म्हणत होता, कोप होईल. तिने नारळ फोडला, आणि शेजारणीशी बोलावं तसं ती बोलली.

“आई, दुखणेकरी जनावर तुज्या गळ्यात बांधलं, ते माझं चुकलं. चांगली हुती तवर दूध आमी खाल्लं. आता तिचं दुखणं माझं. नेते परत.”

मग ती तळ्याच्या उतारावर एकटी गेली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांची नावं घेऊन हाक मारली. धारेच्या वेळी मारतात ती लांबलचक हाक. एकदा, दोनदा. पलीकडच्या काठाला गवे माना वर करून उभे राहिले. तिसऱ्या हाकेला त्या कळपातून दोन बुटकी जनावरं सुटी झाली, आणि पाण्यातून चालत, तोंड वर धरून, सरळ तिच्याकडे आली. तिने दोघींच्या कपाळावर हात ठेवला. दोर आम्ही नेला होता, पण तो लागला नाही. माझ्या शेजारी काळसेकर साहेब खाली गवतावर बसले होते.

दोघींना वाड्यापासून लांब, एका मांडवात बांधलं. मॅडमनी सुई टोचली. तीन दिवस ठकूमावशी तिथून हलली नाही, जावेला तर तिने शंभर पावलांवर थांबवलं होतं. सोमवारी मॅडमनी कॅलिपर पिशवीतून काढला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. मला वाटत होतं की तो अधिकार आता माझा राहिला नाही.

“तुम्हीच वाचा, श्रीपतराव,” त्या म्हणाल्या. “आकडा कुणाच्या हातून खरा येतो ते मला माहीत आहे.”

पहिली म्हैस साफ होती. दुसरीची कातडी मी धरली आणि मोजायच्या आधीच कळलं. नऊची वीस. मी आकडा मोठ्याने सांगितला, कारण असे आकडे पुटपुटायचे नसतात. ठकूमावशीने विचारलं नाही की म्हणजे काय. तिने त्या म्हशीच्या शिंगांवरचा उरलासुरला शेंदूर आपल्या पदराने पुसून काढला, आणि मॅडमना म्हणाली, “आता माझी हाय. करा काय करायचं ते.” मॅडमनी शेवटची सुई दिली तेव्हा म्हशीचं डोकं ठकूमावशीच्या मांडीवर होतं. खड्डा वाड्याने खणला, चुना मी टाकला.

साहेबांनी त्याच दिवशी, तिथेच दगडावर बसून, फायलीवर लिहिलं. ते त्यांनी आम्हांला वाचून दाखवलं. सरकारी भाषा होती, पण मतलब असा की या रानातल्या जनावरांना हाक मारणारी माणसं इथेच राहणं रानाच्या हिताचं आहे. वाडा हलला नाही. त्या उन्हाळ्यात वाड्याने सड्याच्या अलीकडच्या अंगाला म्हशींसाठी वेगळं पाण्याचं कुंड बांधलं आणि तळं गव्यांना सोडून दिलं. मीठही दोन खडकांवर ठेवायला लागले. ते दोन रोगी गवे मात्र नंतरच्या हिवाळ्यात गेले, माझा टॉवेल नेणारी ती म्हातारी मादी त्यांच्यातच होती. तिला मी स्वतः पुरलं. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या रानात तसं फुप्फुस पुन्हा उघडावं लागलं नाही.

आणि रीतही मोडली नाही, वाकली. अजून त्या वाड्यात वाघजाईला म्हैस सोडतात. पण आधी सुई, मग तीन दिवस, मग कॅलिपर, आणि साफ निघाली तरच शेंदूर. ठकूमावशीने नियम घातला, देवीला द्यायचं ते नीट बघून द्यायचं. निवृत्त झालो तरी वाचायला मलाच बोलावतात. नवे डॉक्टर हसतात, पण कॅलिपर माझ्याच हातात देतात.

माझं काय झालं ते सांगायचं राहिलं. मॅडमनी अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझं नावही. वरून मला मेमो आला. लोकांच्या घरी भिंतीवर प्रशस्तिपत्रं असतात, पदकं असतात. माझ्या घरी तो मेमो आहे, काचेत बसवलेला, देव्हाऱ्याच्या शेजारी. बायको म्हणायची, आलेल्या पाहुण्याला काय सांगू? धाकटीच्या लग्नाच्या बोलणीला माणसं येणार होती तेव्हा तिने तो उतरवून कपाटामागे ठेवला होता.

नेमकी त्याच दिवशी ठकूमावशी लोण्याचं गाडगं घेऊन आली. घाट उतरून, पायी. भिंतीवरचा फिकट चौकोन तिने पाहिला आणि इथे काय होतं म्हणून विचारलं. मी कपाटामागून मेमो काढला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. अधिकार नसताना पशुधनाची तपासणी करून चुकीचा सल्ला दिल्याचे आपण सर्वांसमक्ष कबूल केले आहे, सबब आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.

“कबूल केलं, असं लिवलंय?” तिने विचारलं.

“लिहिलंय.”

“सरकारनं?”

“सही-शिक्क्यासकट.”

तिने तो माझ्या हातातून घेतला, काच पदराने पुसली, आणि खिळ्याला परत अडकवला.

“मग पावण्यास्नी हितंच बशीव,” ती म्हणाली.